टर्बाइन जेटचं फ्लॅप-एलेरॉन सेटअप: सर्वो आर्मचा कोन, डाव्या-उजव्यातला फरक, लँडिंगला एलेरॉन वर की खाली?

जेटशिकाऊ

नमस्कार मंडळी. रिमोटवर उडणाऱ्या विमानांमध्ये फोमच्या ईडीएफनंतर (विजेच्या मोटरवरच्या बंदिस्त पंख्याचं जेट) पहिलंच टर्बाइन मॉडेल (छोटं जेट इंजिन असलेलं) बांधतोय. धड आणि पंख तयार आहेत, सर्वो (फ्लॅप, एलेरॉन हलवणाऱ्या छोट्या मोटर) बसलेत, गाडी लिंकेजवर (सर्वोपासून पृष्ठभागापर्यंतच्या जोडणीवर) अडलीय. माहिती अशी: पंखांचा विस्तार १.८ मीटर, इंधनाशिवाय वजन ११ किलो, स्वेप्ट (मागे झुकलेले) पंख, आडवी शेपटी धडाच्या मध्यरेषेवर. प्रत्येक पंखात एक फ्लॅप (मुळाकडचा, लिफ्ट वाढवणारा), एक एलेरॉन (टोकाकडचा, रोल देणारा). चारही सर्वोंना वेगवेगळे चॅनेल. सर्वो डिजिटल, मेटल गिअर, ७.४ व्होल्टला २५ किलो-सेंटीमीटर. फ्लॅपची रुंदी बिजागरीपासून मागच्या कडेपर्यंत ६० मिमी, एलेरॉनची ४५ मिमी. ट्रान्समीटर एजटीएक्स सॉफ्टवेअरवाला.

मॅन्युअलमध्ये फ्लॅप टेकऑफला १५ अंश, लँडिंगला ४५ अंश आणि एलेरॉन वर-खाली १४ मिमी एवढंच दिलंय. अडचणी:

१. फ्लॅपचा सर्वो मध्यावर ठेवून १२ मिमीचा आर्म (सर्वोवरचा दांडा) पुशरॉडशी (आर्म आणि फ्लॅप जोडणाऱ्या सळईशी) काटकोनात लावला. हॉर्न (फ्लॅपवरचा, पुशरॉड जोडायचा दांडा) २२ मिमी. फ्लॅप खाली जेमतेम २२ अंश जातो. ट्रॅव्हल (ट्रान्समीटरमधली सर्वोच्या प्रवासाची सेटिंग) १५०% केलं तरी ३० च्या आसपासच. आर्म लांब घ्यावा का?

२. डावा आणि उजवा फ्लॅप पूर्ण वर (म्हणजे बंद) आणि पूर्ण खाली अगदी सारखे येतात, पण अर्ध्यावर ४ मिमीचा फरक पडतो.

३. फ्लॅपला एलेव्हेटरचं (शेपटीवरचा, नाक वर-खाली करणारा पृष्ठभाग) मिक्स, म्हणजे फ्लॅपबरोबर आपोआप होणारी हालचाल, किती द्यायचं?

४. लँडिंगला एलेरॉन फ्लॅपबरोबर थोडे खाली घ्यायचे की वर? दोन्ही सल्ले मिळालेत आणि दोन्ही छातीठोकपणे.

५. जायरो (मॉडेलची डगमग ओळखून सर्वोंना आपोआप दुरुस्ती देणारा) लावणार आहे. तो आधी की नंतर?

बिजागरी

पहिल्या दोन प्रश्नांचं मूळ एकच आहे, ते ट्रान्समीटरला हात न लावता सुटतं.

आर्म लांब करू नका. २२ अंश मिळतात कारण तुम्ही सर्वोचा अर्धाच प्रवास वापरताय. फ्लॅपला वर जायचंच नाही, म्हणजे मध्यापासून एका बाजूची सगळी हालचाल वाया. १२ चा आर्म ४५ अंश फिरला की पुशरॉड साधारण ८.५ मिमी सरकतो आणि २२ च्या हॉर्नवर त्याचे २२-२३ अंशच होतात. हिशेब बरोबर आहे, मांडणी चुकलीय. १५०% ला तुम्ही आर्म जवळजवळ पुशरॉडच्या रेषेत नेताय, म्हणून शेवटच्या ५०% मध्ये हाती फारसं लागत नाही.

फ्लॅपचा सर्वो मध्यावर असताना फ्लॅप अर्धा खाली, म्हणजे तुमच्याकडे २२.५ अंशांवर, असायला हवा. त्या जागी आर्म पुशरॉडशी काटकोनात आणि हॉर्नही काटकोनात. फ्लॅप पूर्ण वर असताना आर्म ४५ अंश मागे, म्हणजे फ्लॅपकडे झुकलेला. पूर्ण खाली असताना ४५ अंश पुढे, लीडिंग एजकडे (पंखाच्या पुढच्या कडेकडे) झुकलेला. आता त्याच १२ च्या आर्मने पुशरॉड १७ मिमी सरकतो आणि २२ च्या हॉर्नवर बरोबर ४५ अंश मिळतात. म्हणजे तुमचे दोन्ही भाग योग्यच आहेत, नवीन काही आणायला नको.

दोन गोष्टी यातून आपोआप येतात. पुशरॉड पंखाच्या खालून जात असेल तर फ्लॅप खाली येताना हॉर्नचं भोक पुढे सरकतं, म्हणजे सर्वो ओढतो. हवा फ्लॅपला वर ढकलते तेव्हा पुशरॉड ताणात राहतो, दाबात नाही, त्यामुळे तो वाकण्याचा प्रश्न येत नाही. दुसरं म्हणजे पूर्ण खालच्या टोकाला, जिथे हवेचा लोड सगळ्यात जास्त, तिथे आर्म पुढे झुकलेला असल्याने त्याची परिणामकारक लांबी १२ वरून ८.५ वर येते. हॉर्नची परिणामकारक लांबी २० च्या वर राहते. सर्वोला तिथे साधारण २.४ पट फायदा मिळतो. आर्म लांब करून २२ चा घेतला असता आणि एकाच बाजूचा प्रवास वापरला असता, तर फ्लॅप उघडायला लागताना हा फायदा १ च्या आसपास असता. तोच सर्वो, पण गिअरवर कितीतरी जास्त ताण.

आर्म आणखी पुढे झुकवून ६० अंशांपर्यंत नेणारे आहेत आणि त्यात तथ्यही आहे, लोड आणखी कमी होतो. पण ८० च्या पुढे गेलात तर आर्म आणि पुशरॉड एका रेषेत येतात. तो बिंदू ओलांडला की फ्लॅप उलट वर यायला लागतो किंवा तिथेच अडकतो. डाव्या बाजूला अडकला आणि उजव्या बाजूला नाही, तर मॉडेल हातचं गेलं.

आता हॉर्न. एलेरॉनमध्ये हॉर्नचं भोक बिजागरीच्या रेषेच्या बरोबर खाली हवं, एक-दोन मिमी इकडेतिकडे झालं की न मागितलेलं डिफरन्शियल (एलेरॉन वर आणि खाली असमान जाणं) येतं. फ्लॅपमध्ये नेमकं उलट: फ्लॅप वर असताना भोक बिजागरीच्या मागे हवं. २२ च्या हॉर्नला २२.५ अंशांसाठी ते सुमारे ८.५ मिमी मागे येतं. हॉर्न आधीच चिकटवला असेल आणि भोक बिजागरीच्या खालीच असेल तर काढून पुन्हा बसवा. कंटाळवाणं काम आहे, पण पुढचे सगळे उपाय याच्यावर उभे आहेत.

अर्ध्यावरचा ४ मिमी फरक इथूनच येतो. दोन टोकं एंड पॉइंटने (ट्रान्समीटरमधल्या प्रत्येक टोकाच्या मर्यादेने) जुळवता येतात, पण दोन बाजूंची भूमिती वेगळी असेल तर मधला रस्ता वेगळाच राहणार. तपासायचा क्रम: दोन्ही पुशरॉडची भोक-ते-भोक लांबी कॅलिपरने सारखी आहे का, दोन्ही आर्म त्याच भोकात आहेत का, हॉर्नचं भोक बिजागरीपासून दोन्हीकडे सारख्याच अंतरावर आहे का, आणि सर्वोला १५०० मायक्रोसेकंद (मध्याचा सिग्नल) दिल्यावर दोन्ही आर्म एकाच कोनात उभे आहेत का. बहुतेक वेळा गुन्हेगार शेवटचा असतो.

एलेरॉनसाठी: ४५ रुंदीवर १४ मिमी म्हणजे साधारण १८ अंश. २२ चा हॉर्न असेल तर आर्म १० मिमीचा पुरे. त्याहून लांब आर्म लावून ट्रान्समीटरमध्ये ट्रॅव्हल ५०% वर आणणं हा सर्रास दिसणारा प्रकार आहे. त्यात सर्वोची निम्मी ताकद आणि निम्मं रेझोल्यूशन फुकट जातं, वर सर्वोच्या गिअरमधली ढिलाई मागच्या कडेवर दुप्पट होऊन दिसते. आतलं भोक आर्मवर, बाहेरचं भोक हॉर्नवर, ट्रॅव्हल १००% च्या जवळ.

पुशरॉड या वजनाला ३ मिमीचा, दोन्ही टोकांना बॉल लिंक, लॉकनट आणि निळं थ्रेडलॉक. एका टोकाला डावे आणि दुसऱ्या टोकाला उजवे आटे असलेला टर्नबकल घेतला तर लांबी जागेवरच बदलता येते. सगळं जोडल्यावर सर्वो चालू ठेवून फ्लॅपची मागची कड दोन बोटांनी हलवून बघा. अर्ध्या मिमीपेक्षा जास्त हलली तर आधी ती ढिलाई शोधा. एलेरॉनमध्ये तर त्याहून कडक राहा, वेगात फ्लटरची (पृष्ठभाग जोरात फडफडण्याची) सुरुवात तिथूनच होते.

जेटशिकाऊ

हॉर्न बिजागरीच्या बरोबर खाली होते, काढतोय. आर्मचं म्हणाल तर १५०० ला डावा आर्म काटकोनाच्या जरा अलीकडे आणि उजवा जरा पलीकडे उभा राहतो. एक दात सरकवला की उलट चूक. सबट्रिमने (ट्रान्समीटरमधून सर्वोचा मध्य सरकवून) आणू का मध्यावर? आणि अजून एक, फ्लॅप पूर्ण वर असताना उजवा सर्वो बारीक गुणगुणतो.

बिजागरी

सर्वोच्या शाफ्टवर २५ दात असतील तर एक दात म्हणजे १४.४ अंश, म्हणून चूक ७ अंशांपर्यंत राहू शकते. चार पात्यांचा आर्म घ्या. ९० अंशांत सव्वासहा दात बसतात, त्यामुळे चारही पाती दातांच्या हिशेबाने वेगवेगळ्या जागी पडतात. एकेक पातं लावून बघा, ३.६ अंशांच्या टप्प्याने जागा मिळते. जे सर्वांत जवळ येईल ते ठेवा, बाकी तीन कापून टाका. २४ दातांच्या शाफ्टला ही युक्ती चालत नाही, कारण तिथे ९० अंशांत बरोबर सहा दात बसतात आणि चारही पाती सारखीच निघतात. उरलेले एक-दोन अंश सबट्रिमने घ्या, तेवढ्याला हरकत नाही. १५-२० टक्के सबट्रिम लागत असेल तर आर्म चुकीच्या दातावर आहे असंच समजा.

गुणगुण म्हणजे फ्लॅप पंखाच्या कडेला टेकलाय आणि सर्वो अजून ढकलतोय. कागदाची पट्टी फ्लॅप आणि पंखाच्या मध्ये धरा. ती किंचित अडकून पण न फाटता सरकली पाहिजे. तसं होईपर्यंत वरचा एंड पॉइंट कमी करा. गुणगुणणारा सर्वो उड्डाणभर करंट खात राहतो आणि गरम होतो. पुशरॉड काढून फ्लॅप हाताने सोडा, स्वतःच्या वजनाने पूर्ण खाली पडायला हवा. मध्येच अडकत असेल तर बिजागऱ्या एका रेषेत नाहीत किंवा फ्लॅपची आतली कड धडाच्या फेअरिंगला घासतेय.

मिक्सर

भूमिती झाली की ट्रान्समीटर. एजटीएक्स आहे म्हणून नेमकं सांगतो.

फ्लॅपचा स्विच थेट फ्लॅपच्या चॅनेलला आणि एलेव्हेटरच्या मिक्सला जोडू नका. एक रिकामा चॅनेल घ्या, समजा १०. रिसीव्हरवर त्याला काही जोडलेलं नाही. त्याच्या मिक्समध्ये तीन पोझिशनचा स्विच, आणि त्याला तीन बिंदूंचा वक्र: -१००, -३०, +१००. वर बिजागरी यांनी सांगितलेल्या भूमितीनुसार मधला -३० म्हणजे जवळजवळ नेमके १५ अंश येतात. स्लो (हालचाल हळू करणारी सेटिंग) याच मिक्स ओळीवर द्यायचा. मग दोन्ही फ्लॅपचे चॅनेल, एलेव्हेटरचं मिक्स आणि एलेरॉनचं मिक्स या सगळ्यांना स्रोत म्हणून चॅनेल १० द्या. फ्लॅप जितक्या हळू उतरेल तितक्याच हळू एलेव्हेटर सरकेल.

असं न करता स्लो थेट एलेव्हेटर किंवा एलेरॉनच्या चॅनेलवर दिला तर काय होतं ते सांगायला नको: स्टिकही तेवढीच हळू चालते. आणि स्लो फक्त फ्लॅपला दिला तर एलेव्हेटर क्षणात सरकतो, फ्लॅप दोन-तीन सेकंदांनी पोहोचतो, आणि मधल्या काळात मॉडेल नाक खाली घालतं. जमिनीजवळ हे फार वाईट.

वेळ: खाली यायला २ ते ३ सेकंद, वर जायला त्याहून थोडी जास्त. लँडिंग सोडून पुन्हा वर जाताना फ्लॅप फटकन बंद झाले तर लिफ्ट एकदम जाते आणि तेव्हा वेग मुळातच कमी असतो.

एलेव्हेटरच्या मिक्समध्ये हमखास पडणारा खड्डा: चॅनेल १० फ्लॅप वर असताना -१०० देतो, शून्य नाही. साधं वेट (टक्केवारी) दिलंत तर फ्लॅप बंद असताना एलेव्हेटर उलट दिशेला सरकलेला राहील. म्हणून तिथे वक्र द्या, -१०० ला ०. एलेरॉनच्या मिक्सला तर ०, ०, आणि शेवटच्या बिंदूला जे काय हवं ते, म्हणजे टेकऑफ फ्लॅपला एलेरॉन जागचे हलणार नाहीत.

डावा-उजवा जुळवायला आउटपुट पानावर एका फ्लॅपला पाच बिंदूंचा वक्र लावा. एका बाजूला प्रमाण माना, दुसरी तिच्याशी जुळवा. दोन्ही बाजूंना वक्र लावून बसलात तर संध्याकाळ जाईल. जेटी कंपनीच्या ट्रान्समीटरमध्ये यालाच सर्वो बॅलन्सर म्हणतात, स्पेक्ट्रमच्या वरच्या ट्रान्समीटरमध्ये सर्वो सेटअपमध्ये बॅलन्स नावाने आहे. भूमिती नीट असेल तर वक्रात दोन-चार टक्क्यांपेक्षा जास्त फेरफार लागत नाही. दहा-पंधरा लागत असेल तर वरच्या पोस्टकडे परत जा.

मोजमाप: डिजिटल कोनमापक लावा, पण दोन्ही बाजूंना मुळापासून सारख्याच अंतरावर. लांब फ्लॅप एका टोकाला हॉर्न असेल तर पिळवटतो आणि दुसऱ्या टोकाचं माप वेगळं येतं. पट्टीने मोजत असाल तर मागच्या कडेचं सरळ अंतर म्हणजे रुंदीची दुप्पट गुणिले अर्ध्या कोनाचा साइन. तुमच्या ६० मिमीला १५ अंश म्हणजे १५.७ मिमी आणि ४५ अंश म्हणजे ४६ मिमी. मुळाशी आणि टोकाशी रुंदी वेगळी असेल तर मिमी फसवतात, अंशच खरे. सहनशीलता विचाराल तर टेकऑफ फ्लॅपला अर्ध्या अंशाच्या आत आणा. पूर्ण फ्लॅपला एक अंश चालतो, मधल्या वाटेतला फरक मात्र चालवून घेऊ नका, कारण उतरताना त्या दोन-तीन सेकंदांत मॉडेल एका बाजूला कलंडतं आणि दोष जायरोला दिला जातो.

पुशरॉड काढून ठेवा, सर्वो दिशा आणि मध्य आधी ठरवा, मगच जोडा. डाव्या-उजव्या सर्वोंची बसवणी आरशातल्यासारखी असेल तर एकाला रिव्हर्स लागेल. रिव्हर्स केलं की सबट्रिमही उलट बाजूला जाऊ शकतं, म्हणून रिव्हर्स आधी, सबट्रिम नंतर.

केरोसीन

तिसऱ्या आणि चौथ्या प्रश्नाबद्दल.

फ्लॅप उतरवल्यावर दोन वेगळ्या गोष्टी होतात आणि लोक त्या एकत्र करतात. वेग जास्त असताना फ्लॅप उतरवले तर लिफ्ट वाढते आणि मॉडेल वर उचललं जातं. हे ट्रिमचं काम नाही, वेगाचं आहे. त्याला एलेव्हेटर खाली देऊन बसलात तर पुढे वेग कमी झाल्यावर तेच मिक्स नाक जमिनीकडे खेचेल. वेग स्थिरावल्यावरही नाक वर किंवा खाली राहत असेल, तो खरा ट्रिमचा बदल. फ्लॅपमुळे पंखावरचा दाबाचा बिंदू मागे जातो, तो नाक खाली ओढतो. त्याच वेळी पंखामागून खाली येणारी हवा शेपटीला खाली ढकलते, त्याने नाक वर येतं. कोण जिंकतं हे शेपटी कुठे आहे त्यावर ठरतं. तुमच्यासारख्या मध्यरेषेवरच्या शेपटीत बहुधा नाक वर येतं, पण पैज लावू नका.

मॅन्युअल गप्प असेल तर पूर्ण फ्लॅपला एलेव्हेटर १.५ ते २ मिमी खाली, टेकऑफला शून्य, यापासून सुरुवात. हे मिक्स एका नॉबवर ठेवा, पल्ला ० ते ५ मिमी, आणि फ्लॅप बंद असताना नॉबचा काही परिणाम होणार नाही असं बघा. हवेत जुळलं की उतरल्यावर आकडा कायम करा आणि नॉब काढा. नॉब तसाच सोडला तर कधीतरी खांद्याचा पट्टा लागून तो फिरणार.

एलेरॉन वर की खाली: स्वेप्ट पंखाला वर. खाली घेतले तर टोकाकडचा पंख जास्त कोनात काम करतो आणि टोकच आधी स्टॉल होतं (लिफ्ट सोडतं). स्वेप्ट पंखाची तीच मूळ खोड आहे. वर घेतले तर टोकांना वॉशआउट (मुळापेक्षा कमी कोन) मिळतो, मुळाकडचा भाग आधी स्टॉल होतो आणि एलेरॉन शेवटपर्यंत धरून राहतात. खऱ्या एफ/ए-१८ मध्ये फ्लॅपबरोबर एलेरॉनही खाली येतात आणि एफ-१६ मध्ये तर फ्लॅप आणि एलेरॉन एकच पृष्ठभाग आहे, म्हणून स्केलच्या हौशीने तसं करणारे भेटतात. पण तिथे पुढच्या कडेचे फ्लॅप आणि फ्लाइट कॉम्प्युटर आहेत. आपल्या पंखाची पुढची कड स्थिर असते.

एक लक्षात ठेवा, स्वेप्ट पंखाची टोकं गुरुत्वमध्याच्या मागे असतात. एलेरॉन वर गेले की तिथली लिफ्ट कमी होते, म्हणजे नाक आणखी वर येतं. त्यामुळे एलेरॉनचा आकडा बदलला की एलेव्हेटरचा पुन्हा जुळवायचा. तुमच्या ४५ मिमीच्या एलेरॉनला ४ मिमी वर, म्हणजे ५ अंश, भरपूर झाले.

दुसरा फायदा टर्बाइनवाल्यांसाठी: जास्त ड्रॅग म्हणजे अप्रोचमध्ये थ्रॉटल आयडलच्या बराच वर ठेवावा लागतो. आयडलवरून टर्बाइनला पूर्ण ताकदीला यायला काही सेकंद लागतात, अर्ध्या थ्रॉटलवरून फार कमी. गरज पडेल तेव्हा जोर हाताशी असतो. ईडीएफवाल्यांना हे पटत नाही कारण तिथे मोटर लगेच ऐकते.

मिक्सर

टोक स्टॉलचं मान्य, ड्रॅगचं अर्धंच मान्य. ४५ अंशांचा फ्लॅप आणि उघडलेली चाकं यांचाच ड्रॅग ११ किलोच्या मॉडेलला पुरेसा असतो. एलेरॉन वर घेऊन लिफ्टही कमी केली तर अप्रोचचा वेग वाढतो. म्हणून ४ मिमी हा सुरुवातीचा नाही, कमाल आकडा समजा. पहिली काही उड्डाणं शून्यावर करा, फ्लॅप एकटे कसे वागतात ते कळू द्या, मग २ मिमी.

आणि प्रवासाचं विसरू नका. एलेरॉन ४ मिमी वर बसवला आणि वरून स्टिकने १४ मागितले तर एकूण १८ हवेत. १० च्या आर्मला त्यासाठी वरचा एंड पॉइंट १३५% च्या आसपास मोकळा लागतो. तो १००% ला बांधलेला असेल तर वर जाणारा एलेरॉन मध्येच थांबतो, रोल अर्धवट मिळतो, तेही नेमकं लँडिंगला. ११ चा आर्म घेतला तर ११५% मध्ये भागतं. डिफरन्शियल लावलं असेल तर या मोडमध्ये ते काढा किंवा कमी करा, खाली येणाऱ्या एलेरॉनलाही काम करू द्या.

केरोसीन

शून्यापासून सुरुवात करायला माझी ना नाही. फक्त तपासणी स्टॉलची उंचावर करा, अप्रोचवर नाही.

जेटशिकाऊ

मिक्सर यांच्या पद्धतीने चॅनेल १० करून घेतला, छान चालतंय. जायरोबद्दल कोणी सांगेल का? तीन अक्षांचा आहे, एलेरॉनचं इनपुट एकच दिसतंय आणि आउटपुट दोन.

स्थिरभुज

एकच इनपुट असेल तर तुमचं एलेरॉन वर घेण्याचं मिक्स जायरोच्या पलीकडे पोहोचणारच नाही. एका इनपुटचेच दोन भाग होतात, दोन्ही एलेरॉन फक्त रोलच करतील. डिफरन्शियलही जाईल, जायरोच्या आत सोय असेल तरच परत मिळेल. आधी जायरोच्या सेटिंगमध्ये दुसरं एलेरॉन इनपुट चालू करता येतं का बघा, बऱ्याचदा रिकामा पोर्ट त्यासाठी असतो. रिसीव्हरशी सीरियल बसने जोडला तर प्रश्नच मिटतो, सगळे चॅनेल वेगळे जातात. नसेल तर एलेरॉन शून्यावर ठेवून उडवा, मॉडेल उडायला ते आवश्यक नाही.

क्रम: भूमिती, दिशा, सबट्रिम, एंड पॉइंट, वक्र, सगळं जायरो बंद ठेवून पूर्ण करा. त्यानंतर जायरोला मध्य आणि टोकं शिकवा. नंतर सबट्रिम बदललंत तर पुन्हा शिकवावं लागेल, नाहीतर जायरो जुन्यालाच मध्य मानतो. टोकं शिकवणं टाळू नका. बहुतेक जायरो स्वतःची दुरुस्ती तुमच्या एंड पॉइंटच्या बाहेरही ढकलू शकतात आणि सर्वो जाऊन अडतो.

दिशा तपासणं: मॉडेल हातात धरून उजवा पंख झटकन खाली करा. उजवा एलेरॉन खाली आणि डावा वर जायला हवा, म्हणजे जायरो पडलेला पंख उचलतोय. नाक खाली केलं तर एलेव्हेटर वर. ही तपासणी फ्लॅप बंद, टेकऑफ आणि लँडिंग अशा तिन्ही मोडमध्ये करा, कारण गेन (जायरोच्या दुरुस्तीचा जोर) मोडप्रमाणे बदलत असाल तर एखाद्या मोडमध्ये चिन्ह उलटं पडलेलं असू शकतं.

गेनचे आकडे प्रत्येक जायरोत वेगळे, ते उचलून घेऊ नका. तत्त्व एवढंच: वेग वाढला की गेन कमी, लँडिंगला जास्त. वेगात पंख बारीक थरथरायला लागले तर थ्रॉटल खाली आणि गेन कमी. पण उतरल्यावर आधी एलेरॉनची ढिलाई तपासा. ढिल्या लिंकेजवर कमी गेनलाही थरथर येते, आणि मग लोक गेन कमी करत करत जायरो निरुपयोगी करून ठेवतात.

फ्लॅपच्या सर्वोंना जायरो लागत नाही, ते थेट रिसीव्हरवर.

जेटशिकाऊ

दुसऱ्या इनपुटचा पोर्ट सापडला, सेटिंगमध्ये बंद होता. आता पहिल्या उड्डाणात फ्लॅप कधी आणि कसे तपासायचे एवढंच राहिलं.

केरोसीन

जमिनीवर आधी. टर्बाइन बंद, रिसीव्हरची बॅटरी पूर्ण भरलेली, फ्लॅप वीसेक वेळा पूर्ण वर-खाली करा. मग सर्वोला हात लावा. एखादा दुसऱ्यापेक्षा गरम लागला तर त्या बाजूला काहीतरी घासतंय. फ्लॅप पूर्ण खाली ठेवून मागच्या कडेला हाताने वर दाबा, दोन्हीकडे सारखाच विरोध जाणवला पाहिजे. पंख काढून पुन्हा लावताना फ्लॅप आणि एलेरॉनचे कनेक्टर एकमेकांत अदलाबदल होणार नाहीत असे रंग किंवा आकार ठेवा.

टेकऑफ टेकऑफ-फ्लॅपवरच. पुरेशा उंचीवर फ्लॅप बंद करून सरळ उड्डाणाचं ट्रिम बसवा, आणि ते पूर्ण होईपर्यंत फ्लॅपचा विचार नको. मग थ्रॉटल खाली, वेग पडू द्या, सरळ आणि वाऱ्याच्या विरुद्ध असताना टेकऑफ फ्लॅप. बोट स्विचवरच राहू द्या; मॉडेल कलंडलं तर उलट एलेरॉन देत बसण्यापेक्षा स्विच परत. ठीक वाटलं तर वेग आणखी कमी करून लँडिंग फ्लॅप, पुन्हा बोट स्विचवर. वेगात पूर्ण फ्लॅप टाकला तर दोनपैकी जो सर्वो आधी दमेल तो अर्ध्यावर थांबतो, आणि ट्रान्समीटरमध्ये सगळं जुळलेलं असूनही मॉडेल एका बाजूला लोळतं.

पूर्ण फ्लॅपवर नॉबने एलेव्हेटर जुळवा, मग उंचावरच थ्रॉटल कमी करत नाक हळूहळू उचला आणि स्टॉल कसा येतो बघा. नाक सरळ खाली पडलं तर उत्तम. एखादा पंख पडत असेल तर मिक्सर यांचे २ मिमी तिथे कामाला येतील. लँडिंग सोडावं लागलं तर आधी थ्रॉटल, मॉडेल चढायला लागल्यावर टेकऑफ फ्लॅप, आणि चाकं आत गेल्यावरच पूर्ण बंद.

बिजागरी

पहिल्या उड्डाणानंतर सगळ्या बॉल लिंकचे बोल्ट आणि सर्वो आर्मचे मधले स्क्रू पुन्हा आवळून बघा. निळं थ्रेडलॉक लावलं असलं तरी. प्लॅस्टिकच्या आर्मवर स्क्रू पहिल्या गरम-थंड होण्यात थोडा बसतो. २५ किलोच्या सर्वोला मुळात ॲल्युमिनियमचाच आर्म हवा. चार पात्यांचा ॲल्युमिनियमचा मिळाला नाही तर दातांची जागा प्लॅस्टिकच्या चार पात्यांवर शोधा, मग एका पात्याचे दोन-तीन ॲल्युमिनियम आर्म लावून बघा. पातं दातांच्या तुलनेत कुठे काढलंय ते बनावटीप्रमाणे थोडं बदलतं, एखादा बरोबर बसतो.